जोडीतली दुसरी जास्वंद

माधुरीनं हातातली कात्री खाली ठेवून पदराला बोटं पुसेपर्यंत बाजीरावांनी फोन उचललाही होता. फोन तिचा, नंबर तिचा, वाजत होता तोही तिच्याच पायाशी, ओट्याच्या कडेला. पण दहा पावलं चालताना तीनदा गुडघे धरणारे आप्पा फोन वाजला की तरणेबांड होत.

"हां मॅडम, बोला. माधुरीचं वडील बोलतोय. व्हय, व्हय, दोनी झाडं तयार. येक नंबर! जुळी पोरं उभी केल्यावानी दिसत्यात."

"आप्पा, द्या हिकडं." माधुरीनं हात पुढे केला.

बाजीरावांनी तिच्याकडे पाठ केली. "बेस्तरवारी येताय? या की. तुमी बिनघोर या." आणि फोन बंद करून त्यांनी तो तिच्या हातात दिला, एखादं काम फत्ते करून यावं तसा.

"दोन्ही तयार म्हनून कशाला सांगितलंत?"

"मग काय, न्हाई म्हनू? गिऱ्हाईक तुटंल की."

बोलायचं ते तोंडापर्यंत येई आणि तिथंच गिळावं लागे, याची माधुरीला आता तीन वर्षांची सवय झाली होती. तिनं कात्री उचलली आणि समोरच्या झाडाचा एक फुटवा असा काही छाटला, की बिचाऱ्या झाडाचा काय दोष असं कुणालाही वाटलं असतं.

जास्वंदीची ही दोन झाडं म्हणजे तिची दोन वर्षं होती. एकाच झाडाच्या दोन फांद्या तिनं एकाच दिवशी लावल्या. सरळ एकच खोड वाढवायचं, बाजूला फुटलं की खुडायचं, कमरेच्या वर गेलं की शेंडा मोडायचा आणि मग वरच्या फांद्या पुन्हा पुन्हा खुडून त्यांना गोल आकार द्यायचा. खाली काठीसारखं खोड आणि वर हिरवी, लाल फुलांची छत्री. सारोळ्याजवळच्या एका रोपवाटिकेत आठ महिने कामाला जाऊन ती हे शिकली होती. इथं गावात, विंझरमध्ये मात्र पहिलं वर्षभर लोक तिला हसले. शेजारच्या बनाबाई तर रोज विचारायच्या, "आगं, फुलायच्या आदीच खुडतीस, तर लावलंस कशाला?"

मग वरच्या अंगाला बंगला बांधणाऱ्या मॅडमनी रस्त्यावरून जाताना ही झाडं पाहिली आणि गाडी थांबवली. दसऱ्याला वास्तुशांत होती. दाराच्या दोन्ही अंगांना दोन एकसारख्या छत्र्या हव्या होत्या. "जोडी नीट जमली, तर सगळ्या बागेचं काम तुझ्याकडेच देईन," त्या म्हणाल्या होत्या. वर्षभराचं, हक्काचं काम. दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जायला नको, रोपवाटिकेच्या मुकादमाची बोलणी नकोत.

आणि जोडी जमत नव्हती. ओट्याच्या उजवीकडची जास्वंद अशी भरली होती, की पानांतून पलीकडचं दिसत नव्हतं. डावीकडची मात्र हटून बसल्यासारखी. खोड बोटाएवढं, छत्रीला भोकं, पानं पिवळी पडून गळायची. कळ्या धरायच्या, पण वाटाण्याएवढ्या होऊन खाली. माती एक, शेणखत एक, ऊन एक. माधुरीनं निंबोळी पेंड घातली, ताक शिंपडलं, केळीच्या सालीचं पाणी दिलं. बनाबाईंनी आपल्या समाधानासाठी मीठमोहरी उतरून टाकली. झाड ढिम्म.

"तुजं पानी जास्त हुतंय," आप्पांचा निकाल ठरलेला असे.

पाणी आप्पाच घालत. डावीकडची कुंडी त्यांनी पहिल्या दिवसापासून आपल्याकडे घेतली होती. खोडांना आधाराला दोन काठ्या लागणार होत्या आणि घरात बांबूचा एकच तुकडा होता. माधुरी म्हणाली, उद्या वेल्ह्याहून दुसरा आणते. ती आत जाऊन येते तोवर आप्पांनी ओढ्याकडेची काठी तोडून, खालचं टोक तासून, कुंडीत ठोकलीसुद्धा होती. "कशी सरळ हाय बग. तुजा बांबू काय करतोय हिच्याम्होरं." मग काठी आणि खोड मिळून खालून दोन वीत गोणपाट गुंडाळलं, उन्हानं तापू नये म्हणून. कुंडी भिंतीला टेकवून आपल्या बाजेच्या उशाशी ठेवली. "हिचं मी बगतो. तू तुजं बग."

"आप्पा, आज ही कुंडी वतून बगू. मुळाला कायतरी झालंय."

"हात लावायचा न्हाई. दसरा तोंडावर आलाय आन् मुळं हालवतीस? शानी का खुळी?"

"मग बेस्तरवारी मॅडमला काय दावू?"

"त्ये मी बोलतो त्यांच्यासंगं."

हेच तर. मी बोलतो. रेशनच्या दुकानात माधुरीनं तोंड उघडायच्या आत आप्पा बोलत. बँकेत साहेबानं तिला नाव विचारलं तर आप्पा सांगत. मुकी बिचारी कुणीही हाका, तशी तिची गत झाली होती, आणि ती मुकी तर मुळीच नव्हती. ज्या गावात ती नांदायला आली, जिथं आप्पा पाहुणे म्हणून आले, तिथं लोक आता तिलाच बाजीरावाची पोरगी म्हणून ओळखू लागले होते. कधी कधी तिला इतका संताप येई, की हंडा घेऊन ती उगाच विहिरीवर जाई आणि भरलेला हंडा ओतून पुन्हा भरे.

पण सांगणार कसं? तिचा नवरा संजय कावीळ होऊन गेला, तेव्हा तेराव्यालाच तिच्या दिरानं, गोरखनं, घराची मापं घ्यायला टेप आणली होती. आप्पा उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, "माजी पोरगी हितंच ऱ्हानार. आन् मीबी ऱ्हातो दहा दिस." गोरखनं टेप गुंडाळली. रात्र रात्र आप्पा ओट्यावर जागे असत, म्हणून तिला आत झोप लागे. आपलं घर, आपली गुरं थोरल्या लेकावर टाकून ते आले होते. त्या दहा दिवसांची तीन वर्षं झाली, एवढंच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते होतं.

मॅडम यायच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी बाजीराव एसटीनं वेल्ह्याला गेले. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. "मी येस्तवर कुंडीला हात लावशील तर बग," एसटीच्या पायरीवरून ते म्हणाले.

एसटी वळणाआड गेली आणि माधुरीनं बनाबाईंना हाक मारली.

दोघींनी बाज ओढली. कुंडीचा काठ धरून ती भिंतीपासून पुढे घेतली, तेव्हा माधुरीला आधी वास आला. कडसर, ओळखीचा. आप्पांच्या अंघोळीच्या पाण्याला रोज येणारा. गुडघे शेकायला ते पाण्यात निरगुडीचा पाला टाकत. पाला कुठून येतो, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. ओढ्यावरून आणत असतील, असं तिनं धरून चाललं होतं. ओढ्याची वाट उताराची, दगडाधोंड्यांची, आणि आप्पांना तर ओट्याची पायरी चढवत नव्हती.

कुंडीच्या भिंतीकडच्या अंगाला, गोणपाटाच्या खालून, निरगुडीचे दोन कोवळे फुटवे आले होते. पाच-पाच बोटांची करडी पानं. त्यांच्या शेजारी खुडल्याच्या जुन्या खुणा होत्या. एक नाही, दोन नाही, वीसेक तरी.

"आगं बया! काठी फुटली की गं!" बनाबाई ओट्यावर बसल्याच.

माधुरीनं कुंडी आडवी केली, कडेनं खुरपं फिरवलं आणि मातीचा गड्डा बाहेर ओढला. काठीच्या बुडाला मुळांचं जाळं धरलं होतं. जाड, पिवळट मुळं कुंडीच्या आकारानं गोल गोल फिरून पुन्हा आत शिरली होती. त्यांच्या मधे कुठेतरी जास्वंदीची मुळं होती, दोऱ्यासारखी, जागा मिळेल तिथून वाट काढणारी.

"वली काठी लावली व्हय ह्यांनी?" बनाबाई हसत होत्या. "काठी वाळकी लावायची असती, ह्ये शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. आन् निरगुडी तर फेकली तरी फुटती. समदं खत हिनंच खाल्लं की. जास्वंदीला काय ऱ्हातंय?"

माधुरीला हसू आलं नाही. दोन वर्षं ती झाडाला काय कमी पडतंय ते शोधत होती. खत घातलं, ते काठीला. पेंड घातली, ती काठीला. आणि हा माणूस रोज पहाटे उठून पाला खुडत होता, आणि दिवसा तिलाच सांगत होता, तुझं पाणी जास्त होतंय. आज येऊ देत. आज बोलायचंच. एक एक काढायचं, रेशनच्या दुकानापासून.

दुपारच्या एसटीनं बाजीराव आले. हातात दाखल्याच्या पोचेचा कागद होता. ओट्यासमोर आले आणि थांबले. आडवी कुंडी, उघडा गड्डा, बाजेवर बनाबाई आणि खुरपं धरून उभी असलेली लेक.

"तुमाला ठावं हुतं, आप्पा?"

बाजीरावांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"पयल्या पावसाळ्यातच फुटली," ते म्हणाले. "उपटनार हुतो. मंग दोन पानं गुडघ्याला लावून बगितली. बरं वाटलं. म्हनलं, आसूंदे. कुनाचं काय जातंय."

माधुरीनं तोंड उघडलं. तीन वर्षांचं सगळं तिच्या जिभेवर होतं. पण आप्पा तिच्याकडे बघत नव्हतेच. ते गड्ड्याकडे बघत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून बाजेवर ठेवली, ओट्याची कड धरली आणि दातावर दात दाबून खाली बसले. गुडघे कडकडले. हात पुढे करून त्यांनी जास्वंदीचं एक बारीक मूळ बोटावर घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"वडू नगंस," ते म्हणाले. "तुटंल. बादलीभर पानी आन."

पुढचा तासभर ओट्यावर हेच चाललं. माधुरी पाणी ओतत होती आणि बाजीराव माती विरघळवून एक एक मूळ सोडवत होते. जिथं गुंता सुटेना, तिथं ते निरगुडीचं मूळ कापत. जास्वंदीचं एकही तोडलं नाही. नांगर धरलेली ती जाड बोटं इतकी हळू चालतात, हे माधुरीनं कधी पाहिलं नव्हतं. तिचा राग गेला नाही. पण तो कुठं ठेवावा, हे तिला कळेना.

काठी मोकळी झाली. बनाबाईंनी ती उकिरड्यावर टाकायला उचलली.

"टाकू नका," माधुरी म्हणाली. "न्हाणीच्या मागं लावा. तिथं पानी जातंय. आप्पांना पाला लागतो."

बाजीरावांनी नवी माती दाबली, आणि माधुरीनं तेव्हाच वेल्ह्याहून आणून ठेवलेला बांबू आधी गुडघ्यावर वाजवून, वाळका आहे याची खात्री करून घेतली. तो ठोकायला त्यांनी दगड उचलला, मग तो तिच्या हातात दिला. तिनं बांबू रोवला. सुती चिंधीचा आठच्या आकड्यासारखा सैल वेढा घालून खोड बांधलं, आणि रोगट फांद्या पार आखूड केल्या. छत्री पहिल्यापेक्षाही उघडी दिसायला लागली. दसऱ्याला तर सोडाच, संक्रांतीपर्यंत ती भरली तरी नशीब म्हणायचं.

बाजीरावांनी बादलीत हात धुतले. नखांतली माती काडीनं काढली, कोपरापर्यंत पाणी घेतलं, पंच्याला हात कोरडे केले आणि ते बाजेवर टेकले.

तेवढ्यात फोन वाजला. तो बाजेवरच होता, त्यांच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. बंगल्यावरच्या मॅडमचा. माधुरी चार पावलांवर खराटा घेऊन उभी होती. बाजीरावांचा हात फोनकडे गेला आणि वरच थांबला. फोन वाजत राहिला.

"माज्या हाताला माती हाय," ते म्हणाले. "तूच घे."

माधुरीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग तिनं खराटा भिंतीला लावला आणि फोन उचलला.

"हॅलो मॅडम, मी माधुरी बोलतेय."

पलीकडून मॅडमनी विचारलं, "का गं? बाबा नाहीत का घरी?"

"आहेत की. इथंच बसलेत," माधुरी म्हणाली. "पण झाडांचं माझ्याशी बोला. एक तयार आहे, एक नाही."