माझे तोंड बांधले, तेव्हा माझे कौतुक झाले

मित्रांनो, मी एका घराचा जुना मेन बोर्ड आहे आणि खरे सांगायचे तर मी रागावलेला आहे. सध्या मी जिन्याखाली पडून आहे. पडून असण्याचा मला राग नाही. राग आहे तो मला ज्या तऱ्हेने वागवले त्याचा.

मला या घरात बसवले तेव्हा घर नवे होते. लाकडी पाटी, तिच्यावर चिनी मातीचे पांढरे फ्यूज आणि बाजूला लोखंडी मेन स्विच, असा माझा थाट होता. चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढाच संसार मला सांभाळायचा होता. माझ्या प्रत्येक फ्यूजमध्ये एक बारीक तार असे. वीज झेपेनाशी झाली की ती तार वितळायची आणि घर वाचायचे. लोक म्हणायचे, फ्यूज उडाला. मी म्हणायचो, काम झाले.

पुढे घर दादांच्या हाती आले. दादा म्हणजे घराचे मालक. माणूस हौशी. त्यांनी फरशी बदलली, छत सजवले, दिवाणखान्यात आणि झोपायच्या खोलीत एसी आणले. स्वयंपाकघरात विजेची भट्टी आली, न्हाणीघरात गिझर आला. बदलले नाही ते फक्त मला. मी दिसायला वाईट म्हणून माझ्यावर भिंतीच्या रंगाचे झाकण तेवढे लावले!

साहजिकच माझे फ्यूज वरचेवर उडू लागले. दिवे मंद होत, पंखा रेंगाळे. मी दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगणार होतो? दादा मात्र मला शिव्या घालत. "हा डबा ऐन वेळी दगा देतो," असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शेवटी त्यांनी वायरमनला बोलावले आणि बजावले की फ्यूज पुन्हा उडता कामा नये. त्याने माझ्या बारीक तारा काढल्या, तिथे जाड तांब्याच्या तारा पिळल्या आणि तो निघून गेला.

त्या दिवसापासून फ्यूज उडाला नाही. आता वीज कितीही वाढो, मला ती तोडताच येईना. मी आतून भाजत होतो, आणि दादा माझ्या झाकणावर थाप मारून म्हणत होते, "आता कसा सुतासारखा सरळ झाला!" मी इमानाने काम केले तेव्हा शिव्या खाल्ल्या, आणि माझे तोंड बांधल्यावर मला शाबासकी मिळाली. सांगा, राग येणार नाही तर काय?

घरात एकच माणूस माझी दखल घेत होता. दादांची बायको, तिला सगळे वहिनी म्हणत. तिला जळका वास यायचा. झाकणावरचा रंग पिवळा पडलेला तिने दाखवला, आतून बारीक गुणगुण ऐकू येते असेही सांगितले. दादा हसून म्हणत की हिच्या नाकाला कधी सुट्टीच नसते. मग घरातले सगळेच हसत.

एका रखरखीत दुपारी दादांच्या कचेरीतली मंडळी जेवायला आली. दोन्ही एसी चालू, भट्टी तापलेली, गिझर बंद करायचे राहून गेलेले. वहिनी ताटे घेऊन जाता जाता थांबली. तिने झाकणाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. ताटे खाली ठेवली, झाकण उघडले आणि पदराने धरून मेन स्विच खाली ओढला.

घर एकदम गप्प झाले. दादा तरातरा आले. चारचौघांत झालेली शोभा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"अगं, लोक बसलेत. आधी चालू कर."

"लोक बसलेत म्हणूनच बंद केलंय," वहिनी म्हणाली. "जरा आत बघा."

दादांनी पाहिले. माझी पाटी कोळशासारखी काळी पडली होती. वायरींचे वेष्टण वितळून लोंबत होते. माझ्या पाठीमागच्या खोलीत, भिंतीला लागूनच त्यांच्या धाकट्या मुलीचा पलंग होता आणि ती त्यावर झोपली होती. दादा तडक त्या खोलीकडे वळले. आत गेले, मुलीला तसेच उचलले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी तिला खाली ठेवले नाही.

वायरमन आला तेव्हा दादा त्याच्यावर कडाडले. त्याने खांदे उडवले. तुम्हीच सांगितले होते, मी केले, असे त्याचे म्हणणे. तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाली, "यांना कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं." तो खाली मान घालून निघून गेला. मग दुसऱ्या माणसाने सगळ्या घराच्या वायरी तपासल्या, कुठे काय चालते ते विचारून घेतले आणि माझ्या जागी नवा बोर्ड बसवला.

परवा त्या नव्या बोर्डाचा खटका आपोआप पडला. दादा उठले. आता शिव्या ऐकायच्या, असे वाटून मी कान टवकारले. पण त्यांनी वहिनीला एवढेच विचारले, "काय काय चालू आहे गं?" आणि जाऊन इस्त्री बंद केली. एवढा साधा प्रश्न मला कधीच कोणी विचारला नव्हता.

म्हणून मित्रांनो, घरात नवे मोठे यंत्र आणाल तेव्हा आधी बोर्डाची ताकद जाणकाराकडून तपासून घ्या. फ्यूज सारखा उडतो, दिवे मंदावतात, झाकण गरम लागते, तेव्हा बोर्ड बदलायची वेळ झालेली असते. जाड तार घालून त्याला गप्प करू नका. आणि घरातले कोणी म्हणाले की जळका वास येतोय, तर हसू नका. उठा आणि बघा.