तळ्यावरची पोपटी साय

कस्तुराच्या दोन बकऱ्या एकाच दुपारी तळ्याकाठी मेल्या. पाणी प्यायल्या, लटपटल्या आणि पाय झाडत आडव्या झाल्या. तोंडाला हिरवा फेस. तिचा संशय थेट सरदारवर गेला. शिंदखेड्याजवळच्या त्या गावतळ्यात मासे पाळायचा ठेका त्याच्याकडे होता, आणि काठावर जनावरं आलेली त्याला खपत नसत.

"त्यानंच औषध टाकलं," ती नवऱ्याला म्हणाली.

"पाहिलंस का?" सुकलालनं विचारलं.

"पाहीन ना."

ती बाभळीआड बसू लागली. दिवाळी होऊन गेली तरी ऊन उतरलं नव्हतं. पाणी कोमट होतं आणि वारा पोपटी साय ढकलत अलीकडच्या काठाला आणत होता. एका सकाळी सरदार आला, आजूबाजूला बघून गोणीतली पांढरी भुकटी पाण्यात फेकू लागला.

कस्तुरा धावली. "काय टाकी ऱ्हायना पानीमा?"

"चुना शे, अक्का. मासा मरी ऱ्हायनात."

"खोटं! पानी बरं शे, तर पी मंग!"

सरदारचं डोकं फिरलं. त्यानं वाकून ओंजळ भरली. त्याच्या बोटांना चिकटलेली हिरवी साय तिला दिसली. बकऱ्यांच्या ओठांवर हेच होतं. तिनं सगळा जोर लावून त्याच्या हातावर फटका मारला. पाणी सांडलं. धापा टाकतच तिनं बकऱ्यांच्या तोंडचा हिरवा फेस त्याला सांगितला.

पाण्याची बाटली भरून तपासायला धुळ्याला न्यायचं ठरलं. ती एकट्याच्या हाती द्यायला दोघंही तयार नव्हते, म्हणून एकाच एसटीनं गेले.

जनावरांच्या डॉक्टर रूपाताईंनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"हे शेवाळच विषारी आहे. ऊन लांबलं, पाणी तापून राहिलं की ते फोफावतं. वरच्या शेतांतला युरिया वाहत येतो, त्यातलं नत्र त्याला खायला मिळतं. शेवाळ मरून तळाशी कुजलं की प्राणवायू संपतो, मग गाळातलं नत्र अमोनिया होऊन पुन्हा पाण्यात येतं." त्या सरदारकडे वळल्या. "चुन्यानं तो अमोनिया आणखी जहाल झाला. तुमचे मासे त्यानंही मेले असतील."

सरदार खाली बघू लागला. वरच्या शेतांत आपलंही शेत येतं, हे कस्तुराला आठवलं. तरी बाहेर आल्यावर तिनं विचारलंच, "डॉक्टरीन तुन्ही वळखनी शे का?"

"नाही, अक्का."

परत आल्यावर दोघांनी मिळून साय साचलेल्या काठाला काट्यांचं कुंपण घातलं. गावाला हे विचित्रच वाटलं. बकऱ्यांच्या बदल्यात सरदारनं हिला काय दिलं असेल, अशी कुजबुज सुरू झाली. पारावर ती आली की बोलणं थांबायचं. एका सकाळी काटे उपसून फेकलेले सापडले. तिनं ते पुन्हा रोवले.

पौषात थंडी पडली, तेव्हा कुठे साय विरली. त्या काठावर आणखी एकही जनावर मेलं नाही. गाव मात्र अजून म्हणतं, औषध सरदारनंच टाकलं होतं, आणि कस्तुराला ते ठाऊक आहे.