सरांचा लाल मुखवटा

मित्रांनो, मी कुस्तीगिराचा एक जुना मुखवटा आहे. लाल साटिनचा, मागे दोरीची गाठ असलेला. हसू नका, मला शिवताना कुणाला हसू आलं नव्हतं.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका गावात व्हर्नन कुचेरा हे शाळेचे फुटबॉलचे प्रशिक्षक होते. तरुणपणी नामांकित कुस्तीगीर. शाळा उन्हाळ्यात पगार देत नसे, म्हणून सर शहरात कुस्त्यांच्या दंगलीत उतरत. तिथला निकाल आधीच ठरलेला असे. असल्या नाटकी कुस्त्या शाळेला चालत नसत, कळलं तर नोकरी जाणार. म्हणून त्यांच्या बायकोनं, आल्मानं, मला शिवलं. म्हणाली, "नाकाशी सैल ठेवलाय. नीट श्वास घे आणि धड घरी ये."

मी खलनायक झालो. "ए लाल माकडा, घरी जा!" असं लोक ओरडत. पुढच्या रांगेतल्या बायका आम्हाला टोपीच्या टाचण्या टोचत. रविवारी चर्चबाहेर त्याच बायका सरांना आग्रहानं खसखशीचे गोड पाव वाढत. काय म्हणावं या लोकांना!

मुखवटेवाला हरला की त्याचा मुखवटा उतरवायचा, असा तिकडचा रिवाज. सर कधी हरत नसत. पण एका ऑगस्टमध्ये कुस्त्या भरवणाऱ्या ठेकेदारानं त्यांना हरायला सांगितलं, आणि तेही लायल हॉस्टेटलरकडून. लायल सरांच्याच शाळेच्या संघातला जुना खेळाडू.

"तुम्ही फक्त पाठ टेका, सर," लायल म्हणाला. "गाठीला मी हात लावणार नाही. तुमच्या हाताखाली वाढलोय मी."

सरांनी विश्वास ठेवला. पाठ टेकली. सगळं सभागृह गरजू लागलं, "काढ! काढ!" लायलची बोटं माझ्या गाठीशी आली.

"लायल, माझी शाळेतली पोरं बसलीत समोर," सर पुटपुटले.

"लोकांना हवंय, सर," असं म्हणून त्यानं मला ओढलं.

सरांचा चेहरा उघडा पडला. मग वरच्या बाकांवरून एक पोरगा रडवेल्या आवाजात म्हणाला, "हे तर आपले सर."

सोमवारी शाळेच्या अध्यक्षांनी सरांना काढून टाकलं. शाळेची अब्रू गेली म्हणे.

"दुसऱ्या रांगेत तुम्हीच ओरडत होतात की," सर म्हणाले.

"मी तिकीट काढून आलो होतो, कुचेरा."

सरांची जागा लायलला मिळाली. गाव सोडण्यापूर्वी सर मला मागायला आले, तेव्हा लायल म्हणाला, "जिंकलेली वस्तू परत देत नसतात, सर. तुम्हीच शिकवलंत." सर निघून गेले. माझा जीव तिथेच तुटला.

आज मी लायलच्या खोलीत भिंतीवर आहे. कसर लागू नये म्हणून तो डांबराच्या गोळ्या ठेवतो. नव्या पोरांना माझी गोष्ट सांगतो, पोरं टाळ्या वाजवतात. सरांचं नाव तो घेत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळेच सांगतात. मला भरपूर जपलंय, आता फेकून दिलंत तरी चालेल. पण उद्या कुणी असा खाली पडलेला असेल आणि सगळे "काढ, काढ" म्हणत असतील, तेव्हा तुम्ही निदान गप्प बसाल का?