फ्लेक्सवरची टिकली

पहिली शिफ्ट सुटली आणि महाळुंग्याहून निघालेली कंपनीची बस काळेवाडीच्या चौकात थांबली. विजयश्री उतरली, तर समोर मांडवाशेजारी तिचाच चेहरा, दहा फूट उंच! 'काळेवाडीची शान, श्रीमती विजयश्री.' टीव्हीवरची प्रश्नमंजूषा तिनं जिंकली, म्हणून आज संध्याकाळी सत्कार होता.

शेवटचा प्रश्न होता, पुण्यात भरदुपारी सावली नाहीशी होते असे दिवस वर्षात किती? समोरच्यानं एक सांगितला. तिनं दोन सांगितले. साडेबाराच्या जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या झेंड्याच्या खांबाची सावली नाहीशी झालेली तिनं स्वतः पाहिली होती. एकदा मेमध्ये, एकदा जुलैच्या उघडिपीत.

सुटे भाग तपासणं हेच तिचं काम. केसाएवढा दोष नजरेतून सुटत नसे. फोटोत साडी टीव्हीवर नेसलेली तीच होती, हसू तेच होतं. टिकली मात्र नव्हती. कुणीतरी संगणकावर बसून तिचं कपाळ गुळगुळीत करून टाकलं होतं.

धाकटा दीर समाधान मांडवात खुर्च्या मांडून घेत होता.

"भावजी, माझी टिकली कुणी काढली?"

"वहिनी, गावाकडचे पाहुणे येणारेत. जरा समजून घ्या ना."

"काय समजून घ्यायचंय तिला?" सासू शालनबाई कडाडल्या. "माझा ज्ञानेश जाऊन दोन वरसं झाली न्हाईत, अन् ही टिकली लावून टीव्हीवर मिरवायली! गुमान टिकली काढ, शाल घे अन् घरी ये. खोली माझ्या नावावर हाय, ध्यानात ठिव."

विजयश्री टिकली लावूनच मंचावर बसली.

महिला मंडळाच्या रंभाताई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या. आधी प्रमुख पाहुणीला कुंकू लावलं, शेवटी विजयश्रीची जाऊ दिपाली हिला. मधल्या खुर्चीवर कुणी बसलेलंच नाही, असं तबक विजयश्रीपुढून गेलं. मग त्यांनी कडेनंच हात लांबवून शाल पुढं केली.

"वाईट वाटून घेऊ नका हं," रंभाताई पुटपुटल्या. "रीतच आहे."

विजयश्रीनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि माईक घेतला. "सत्कार माझ्या डोक्याचा आहे ना? मग त्याच डोक्याचं कपाळ तुम्हाला का चालत नाही?"

मागून एक पुरुष फिदीफिदी हसला.

ती खाली उतरली. मांडववाल्याची शिडी ओढून तिनं फ्लेक्सला लावली आणि वर चढली. पर्समध्ये लाल मार्कर होता, कंपनीत नाकारलेल्या मालावर खूण करायचा.

"आजच्या आज खोली खाली कर!" शालनबाई किंचाळल्या.

"करते, आत्याबाई."

शिडी डुगडुगत होती. खाली शंभरेक बायका कुंकू लावून उभ्या होत्या. एकीचाही हात पुढं आला नाही. मग मंचावरून दिपाली उतरली आणि तिनं दोन्ही हातांनी शिडी धरली.

"दिपाली, मागं हो!" समाधान ओरडला.

ती हलली नाही. मान वर करून म्हणाली, "ताई, जरा मोठी काढा. पार चौकापलीकडून दिसली पाहिजे."