पाठीमागून रोखलेला तळहात

आचार्यांनी नुसता तळहात पुढे केला आणि धिप्पाड वॉर्डबॉय सतरंजीवर कोसळला. हात अंगाला लागलासुद्धा नव्हता. हॉस्पिटलचं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मागोमाग चार नर्स पडल्या, त्यांत माझी वहिनीही होती.

"ही शेकडो वर्षांची मर्मविद्या," आचार्य म्हणाले. "समोरच्याचा प्राण रोखायचा, माणूस आपोआप खाली." या विद्येमुळे जंगलात वाघही त्यांना वचकून असायचे म्हणे. वाघांना विचारायला कोण जाणार?

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एरवी हसून सोडून दिलं असतं, पण अधीक्षक पुढं जे बोलले ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नर्स आता ही विद्या शिकल्या, स्वतःचं रक्षण करू शकतात, तेव्हा अपघात विभागाच्या दारावरचा पहारेकरी सोमवारपासून हलवणार होते. त्याच दारात गेल्या महिन्यात एका रुग्णाच्या नातेवाइकांनी एका नर्सचा हात मोडला होता. सोमवारी तिथं वहिनीची पाळी होती.

घरी आल्यावर मी वहिनीला म्हटलं, मला पाडून दाखव. तिनं तळहात रोखला. मी जागचा हललो नाही. माझी श्रद्धा नाही म्हणून असं झालं, असं तिचं म्हणणं.

"वहिनी, अंगावर धावून येणारा माणूस श्रद्धा ठेवून येणार आहे का?"

ती ओट्याकडे वळून भांडी विसळू लागली. मग म्हणाली, "भावोजी, खरं सांगू? मी मुद्दामच पडते. बाकीचे खरोखर पडतात. माझ्यातच काही खोट असेल, म्हणून बोलले नाही."

माझ्या मनात आलं, प्रत्येकालाच असं वाटत असेल तर?

रविवारी शेवटचं प्रात्यक्षिक होतं. मी विनंती केली, की पाचही जणांनी भिंतीकडे तोंड करावं आणि अधीक्षक बोट दाखवतील त्या एकालाच आचार्यांनी पाडावं. भरल्या सभागृहात आचार्य नाही कसं म्हणणार? अधीक्षकांनी टोकाच्या तरुण नर्सकडे बोट दाखवलं. आचार्यांनी जोरात फुंकर मारून तळहात रोखला.

फुंकर ऐकताच वॉर्डबॉय धाडकन पडला. त्याच्यामागून दोन नर्स पडल्या. वहिनी उभी होती आणि टोकाची नर्सही. वळून सगळ्यांकडे बघत ती बिचारी म्हणाली, "माझी पाळी होती होय? मला कळलंच नाही."

कुणी हसलं नाही. वॉर्डबॉय जमिनीवर बसूनच शेजारणीला विचारत होता, "म्हणजे तुम्हीपण?" आचार्य श्रद्धेबद्दल काहीतरी पुटपुटत चपला शोधू लागले.

पहारेकरी जागेवर राहिला. सोमवारी संध्याकाळी खरोखरच जमाव चालून आला. पहारेकऱ्यानं आणि वहिनीनं मिळून दार लावून घेतलं, अडसर घातला आणि पोलिसांना फोन केला. दाराची काच फुटली, दगड आत येऊन पडला. वहिनी वाचली. त्या दारात ती एकटी तळहात रोखून उभी असती, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

विद्या जरूर शिका. पण ती न मानणाऱ्या, मनापासून झटापट करणाऱ्या माणसावर चालते का, ते आधी पाहा. आणि कुणी ढकललं नसेल तर पडू नका. तुम्ही पडता म्हणून तुमच्या शेजारचाही पडतो.