ताईंचा तंबू

ताईंचा तंबू मी उभारला तो पडावा म्हणूनच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी "बिचारीच्या हातून चुकून झालं असेल" म्हणायला नको. चुकून? अहो, चौदा वर्षं तंबूच्या कारखान्यात शिलाई करतेय मी. कापड कुठे ताणायचं, दोरी कुठे बांधायची, झोपेतून उठवून विचारा.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. शाळेत मुख्याध्यापिका आणि घरीही मुख्याध्यापिकाच. सुट्टी लागली की आमचं सगळं लटांबर समुद्रावर जातं. ताई, धाकटे दीर, जाऊ आणि आम्ही तिघं. तीन तंबू, एक स्टोव्ह आणि दिवसभर ताईंच्या सूचना.

मागच्या वर्षी याच वाळूत जेवायला बसलो असताना माझी लेक गोष्ट सांगायला उठली. दहा वर्षांची पोर. बोलताना अडखळते, पण तेव्हा बोलायची तरी. 'समुद्र' म्हणायचं होतं तिला आणि जीभ अडकली. आम्ही थांबलो होतो. ताईंना कुठला दम निघायला?

"स-स-स-स! अगं, भरती येऊन गेलीसुद्धा, तुझा समुद्र काही येईना!"

अशी हुबेहूब नक्कल, की जावेला ठसका लागला. दीर मांडीवर थापा मारून हसले. माझा नवरा, तिचा सख्खा बाप, तोही हसला मेला! पोर खाली बसली आणि ताटाकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून ती चारचौघांत एक शब्द बोललेली नाही. शाळेत उत्तरं चिठ्ठीवर लिहून देते. दुकानात बोट दाखवते. बोलते ती फक्त माझ्याशी, तेही स्वयंपाकघराचं दार लावून. मी एकदा ताईंकडे विषय काढला, तर म्हणाल्या, "गंमत केली गं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? पोरीला जरा घट्ट कर."

घट्ट कर! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता. वर्षभर मशीनवर बसून मी एकच गोष्ट घोकली. त्याच वाळूत, त्याच माणसांनी या बाईला हसलं पाहिजे. आणि माझ्या लेकीने ते बघितलं पाहिजे. ती एकदा पोट धरून हसली की तिच्या गळ्यातली गाठ सुटेल आणि ती पुन्हा बोलेल, अशी माझी पक्की खात्री होती.

कोरड्या वाळूत खुंटी धरत नाही. पिशवीत ओली वाळू गच्च भरायची, तिला दोरी बांधायची आणि हातभर खड्ड्यात पुरायची. मग वादळ आलं तरी तंबू जागचा हलत नाही. दोन तंबू मी असे उभारले. ताईंचा तंबू बिनतळाचा, कारण तळ असला की त्यांच्या अंथरुणात वाळू राहते म्हणे. त्याच्या समुद्राकडच्या दोन्ही पिशव्या मी रिकाम्याच खड्ड्यात टाकल्या आणि वर वाळू लोटली. मधली काठी हलकी होती, डोक्यात बसली तरी टेंगूळच येणार. मी काही खुनी नव्हे.

लेक शेजारी दोरी धरून उभी होती. तिने रिकामी पिशवी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. कुणाला गप्प करत होते बघा!

ताईंनी तंबूला फेरी मारली. "बाकी काही असो, तंबूत मात्र तुझा हात कुणी धरणार नाही," त्या म्हणाल्या. मी गोड हसले.

दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. त्याच सुमाराला ताई पाण्यात डुंबून येतात आणि कपडे बदलायला तंबूत शिरतात. त्या शिरल्या. आम्ही बाहेर चहाला बसलो होतो. कापड एकदा फुगलं, दोनदा फुगलं. तिसऱ्यांदा खड्ड्यातल्या पिशव्या सटकन वर आल्या आणि अख्खा तंबू उलटा होऊन मागच्या पिशव्यांपलीकडे जाऊन आपटला.

आणि उघड्यावर ताई! गुडघ्यापर्यंत ठिपक्याठिपक्यांची चड्डी, गाऊनची एक बाही हातात, बाकी सगळा गाऊन डोक्यात अडकलेला. आतून आवाज, "कोण आहे? दार लावा!" दार कुठलं आलंय! दिरांच्या नाकातून चहा आला. जाऊ वाळूत लोळली. पलीकडच्या तंबूंतली माणसंसुद्धा उठून बघायला लागली. आणि मी? मी सगळ्यांच्या वरताण हसले. "स-स-सापडली का बाही, ताई?" मी ओरडले. वर्षभराचं उट्टं निघालं. काय गार वाटलं म्हणून सांगू!

मग मी लेकीकडे वळले, तिचं हसू बघायला. ती जागेवर नव्हती. ती टॉवेल घेऊन धावत सुटली होती. ताईंपाशी पोचून तिने तो त्यांच्या कमरेभोवती धरला, दोन्ही हातांनी, घट्ट. ताईंचं डोकं एकदाचं गाऊनमधून बाहेर आलं. चेहरा लालबुंद, ओठ थरथरत होते. या बाईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"ह..." लेक म्हणाली.

वाळूत लोळणारी जाऊ उठून बसली.

"ह... ह... ह..." तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. तोंड वाकडं होत होतं. परकी माणसं बघत होती, तरी ती थांबली नाही. कुणी तिचा शब्द पुरा केला नाही. ताईंनीसुद्धा नाही.

"ह... हसू न... नकोस."

माझ्या नवऱ्याने माझा दंड गच्च धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बोलली गं! सगळ्यांसमोर बोलली! ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हणाले. "मलाच म्हणाली."