ताजबीनं धरलेलं दार

बारामतीत बांगड्या भरणारी ताजबी एका हातानं ट्रक उचलायची. पार इंदापुरापर्यंत कुठं एसटी उलटली, की लोक आधी तिच्याकडं माणूस धाडायचे. पणदऱ्याच्या गेणबाची दारूची भट्टी तिनंच उचलून भर बाजारात आणून ठेवली होती. गेणबा तुरुंगात गेला. सुटून आला तेव्हा गावात त्याला कुणी रामराम घालेना.

जोतीरामची तऱ्हा वेगळी. त्याचा हात लागला की लोखंड गंजून भुगा व्हायचं. लोणी देवकरातलं कारखान्याचं काम गेलं, मग घरच्यांनीही बाहेर काढलं. कालव्याकाठच्या पडक्या खोलीत तो एकटा राहायचा. गेणबा त्याच्यासाठी भाकरी नेऊ लागला; जोतीराम त्याला तात्या म्हणायचा.

शहाण्णवच्या मार्चात, भर दुपारी, पणदऱ्याच्या बाजारात ओरड झाली, कालव्याचं दार फुटत चाललं. तिथंच बांगड्या भरत बसलेली ताजबी धावली. लोखंडी दारावर जोतीरामचा तळवा होता आणि फटींतून पाणी उडत होतं. तिनं दाराला खांदा लावला.

"हात काढ, जोतीराम."

"तुमीच मला कारखान्यातनं काढायला लावलं. तात्यांनी सांगितलंय."

"त्या कारखान्याचं तोंडबी मी बघितलं न्हाय. खालच्या वस्तीत माणसं हायत, ठावं हाय का तुला?"

"वस्ती रिकामी केलीया म्हनले तात्या."

तेवढ्यात खालून एक बाई शेळीला हाका मारताना ऐकू आली. जोतीरामनं चटका बसावा तसा हात काढला. पण ताजबीच्या बोटांखाली दार चुरत होतं. अंगात बळ होतं, धरायला लोखंड उरलं नव्हतं.

"सांडव्याचं दार उघड. पाणी वढ्यात जाऊ दे."

त्या दाराला गेणबानं जाड साखळी घातली होती आणि तो काठी घेऊन उभा होता. जोतीरामनं साखळी धरली. पाठीत काठ्या बसत राहिल्या, तरी त्यानं सोडली नाही. साखळीचा भुगा झाला, रेट्यानं दार उघडलं, पाणी ओढ्याकडं वळलं.

लोकांनी गेणबाला धरलं. ताजबी धापा टाकत त्याच्यासमोर आली.

"तात्या, खाली तुमच्या सख्ख्या बहिणीचं घर हाय. साखरबाईचं."

"ठावं हाय की." त्याचा आवाज शांत होता. "ताजबीनं दार सोडलं, असं सांगनार हुतो मी. घरचं माणूस गेल्याबिगर कुनाला खरं वाटलं नसतं."

धरणाऱ्यांचे हात सैल पडले.

इतक्यात साखरबाई ओल्या हातांनी चढ चढून आली. "दादा, काय झालं रं? समदी अशी गप का?"

जोतीराम पुढं झाला. "दाराला हात मी लावला, आक्का."

साखरबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पदरानं ती भावाच्या तोंडावरचा चिखल पुसत होती.